मला माहीत होतं

मंदी हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. वडील लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात कामाला होते. पितृपक्ष लागला की संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, "मंदी आहे. दिवसभर माश्या मारल्या." घटस्थापनेला ती मंदी उठायची आणि पुन्हा त्यांना जेवायला फुरसत मिळायची नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या बँका बुडाल्याच्या बातम्या आल्या आणि आमच्या कंपनीतले लोक जेवणाच्या टेबलावर हळू आवाजात बोलायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "येईल तशी जाईल. मंदीच ती." वडील तोवर गेले होते. असते तर तेही हेच म्हणाले असते.

मी हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरमध्ये होते. कोथरूडहून कंपनीची बस होती, सकाळी साडेसातची. माझं काम म्हणजे नव्याने आलेल्यांची कागदपत्रं तपासायची, त्यांना ओळखपत्र द्यायचं, त्यांची जागा दाखवायची, वाढदिवसाला केक मागवायचा, दसऱ्याला रांगोळीची स्पर्धा ठेवायची. कंपनी इतकी वेगाने वाढत होती की एकेका सोमवारी तीस-चाळीस माणसं नवी यायची. माणसं काढायची वेळ आली तर काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

अशाच एका सोमवारी ती आली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, तेलाने चप्प बसवलेले केस, आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली फाइल. पहिलीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका त्या फाइलमध्ये क्रमाने लावलेल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, पहिली-दुसरीच्या नकोत." ती लाजून म्हणाली, "बाबांनी लावून दिल्या." बाबा गेटबाहेर उन्हात उभे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. मुलीच्या नोकरीचा पहिला दिवस म्हणून रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून आले होते. दुपारी मी कशाला तरी बाहेर गेले तर अजून तिथेच. मला हात जोडून म्हणाले, "मॅडम, आमच्या घराण्यात ही पहिली इंजिनीअर. नोकरी पक्की आहे ना?" मी हसले होते. म्हटलं, "काका, आमच्याकडची माणसं आम्हाला सोडून जातात. आम्ही कुणाला सोडत नाही."

तिने भाड्याने घर घेतलं ते कर्वेनगरला, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. बसमध्ये शेजारी बसता बसता आमची मैत्री झाली. आधी अहोजाहो, मग कधीतरी अगंतुगं. तिचं बोलणं पुण्यात येऊन पुण्याचं झालं होतं, पण चिडली किंवा फार आनंदात असली की 'काय करून राहिली तू?' असं तोंडातून निघायचं. आईला ते फार आवडायचं. रविवारी ती मुलीला घेऊन आमच्याकडे यायची. मुलगी चार वर्षांची. नवरा चाकणकडे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर होता, अबोल आणि सरळ. त्यांच्या दिवाणखान्यात बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर, तिच्याखाली मुलीची सायकल, आणि खिडकीत तिने गावाहून आणलेला मोगरा. पुण्यात आपलं एक माणूस आहे, असं ती माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायची.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि एकेक गोष्ट कमी होत गेली. आधी संध्याकाळचा नाश्ता बंद झाला. मग चहाचे कागदी पेले गेले; आपापला मग आणा, असं सांगणारं पत्रक मीच काढलं. एका मजल्यावरचे दिवे अर्धेच लावायला लागले. कोथरूडच्या दोन बस होत्या त्यांची एक केली, तरी बसायला जागा मिळायची. आमच्या सोसायटीत एका मुलाचं लग्न ठरून हॉलसुद्धा घेऊन झाला होता, ते मुलीकडच्यांनी मोडलं. आई म्हणाली, "मुलगा आयटीत आहे म्हणून ठरवलं होतं, आता आयटीत होता म्हणून मोडलं. मुलगा तोच आहे म्हणा." आईचं बोलणं असं कोरडं असायचं, पण त्या दिवशी तिने त्या मुलाच्या आईला घरी बोलावून जेवायला घातलं.

मैत्रिणीच्या नवऱ्याचा कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालायला लागला, आणि जानेवारीत कंत्राटी कामगारांना येऊ नका म्हणून सांगितलं. तो कंत्राटीच होता. घरी बसून मुलीला शाळेत पोचवायचा, आणायचा, भाजी चिरून ठेवायचा. ती बसमध्ये सांगायची, "पोळ्यासुद्धा करायला शिकला. पण तोंडातून शब्द काढत नाही."

आणि नेमक्या त्याच दिवसांत तिला सरकारी पत्र आलं. कधीतरी दीड वर्षापूर्वी बाबांच्या आग्रहाखातर तिने एक परीक्षा दिली होती. मुलाखतही झाली होती. मग ते सगळे विसरून गेले होते. आता अचानक नेमणूक आली: शासकीय तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता, तिच्या गावापासून तासाभरावर. पगार इथल्यापेक्षा बराच कमी, पण कायमची नोकरी. पत्रात एका सोमवारची तारीख होती, तोपर्यंत हजर व्हायचं. बाबांचे दिवसाला चार-चार फोन. "बेटा, खासगीचं काही खरं नाही. ये." नवऱ्याला मात्र पुणे सोडायचं नव्हतं; कारखाना पुन्हा सुरू होईल, अशी त्याला आशा होती. तिलाही काम आवडायचं. तिच्या साहेबांनी तिला सांगितलं होतं की तुझ्याशिवाय हा प्रोजेक्ट हलणार नाही. तिने तो शब्द धरून ठेवला होता.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी आमच्या मॅनेजरने मला खोलीत बोलावून दार लावलं. माझ्यासमोर एक छापलेली यादी ठेवली. म्हणाले, "पुढच्या बुधवारी. प्रत्येकाला दहा मिनिटं. तुम्ही माझ्याबरोबर बसायचं, कागद तयार ठेवायचे." मी वरून खाली वाचत गेले. तिचं नाव दुसऱ्या पानावर होतं. मी ते दोनदा वाचलं, कारण त्याच आडनावाचा एक मुलगाही कंपनीत होता. मॅनेजर म्हणाले, "हे बाहेर गेलं तर ज्याच्याकडून गेलं त्याचंही नाव यात घालायला मला मिनिट लागणार नाही. तुमच्याबद्दल शंका नाही, पण सांगून ठेवतो."

मी यादी घेऊन जागेवर आले आणि कागद करायला घेतले. आज आठवताना सगळ्यात वाईट वाटतं ते एका वेगळ्याच गोष्टीचं. भीती तर वाटत होतीच. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालत होतं, फ्लॅटचे हप्ते होते, आईची औषधं होती. पण भीतीच्या खाली कुठेतरी एक बारीकसा दिलासाही होता, की मी टेबलाच्या या बाजूला आहे. ज्यांना माहीत आहे त्यांच्यातली आहे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ती बसमध्ये माझ्यासाठी जागा धरून बसली होती. स्वारगेट येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "एक विचारू? खरं सांग. लोक म्हणतात यादी झाली. झाली का?"

मी म्हटलं, "लोक रोजच काहीतरी म्हणतात."

"माझं नाव असेल का गं? तसं असेल तर मी आजच तिकीट काढते. सोमवारी हजर होऊन जाते. पण नसेल तर... याला इथेच राहायचं आहे. पोरीची शाळा आहे. मलाही नाही जावं वाटत."

मी खिडकीबाहेर बघत होते. पुलगेटपाशी सिग्नलला बस थांबली होती. मी म्हणाले, "मला नाही माहीत."

एवढंच बोलले मी. 'तुझं नाव नाही' असं म्हणाले नाही, म्हणून आपण खोटं बोललो नाही, असं मी पुढचे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. ती मात्र सुटल्यासारखी हसली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुला माहीत नाही म्हणजे यादीच नाही. असती तर तू काऊन लपवली असती माझ्यापासून?"

शनिवारी मी दोनदा फोन हातात घेतला. एकदा तर तिच्या घराच्या वळणापर्यंत चालत गेले आणि भाजी घेऊन परत आले. काहीतरी आडून सुचवावं, 'बाबा म्हणतात ते ऐक' एवढं तरी म्हणावं, असं मनात येत होतं. मग वाटायचं, बुधवारी तिला आठवेल की हिने असं सुचवलं होतं. ती दुसऱ्या कुणाला बोलेल, ते मॅनेजरपर्यंत जाईल. रविवारी दुपारी तीच आली. मुलीच्या हातात डबा होता, डब्यात शिरा. आईला म्हणाली, "काकू, ठरलं एकदाचं. नाही जात. पत्र लिहून कळवलं त्यांना." आईने माझ्याकडे पाहिलं. मी गुरुवारपासून नीट जेवत नव्हते, ते तिच्या लक्षात आलं होतं. पण तिने काही विचारलं नाही, आणि मी तो शिरा खाल्ला.

बुधवारी सकाळी दहापासून एकेकाला बोलावलं. काचेच्या भिंतींची बैठकीची खोली होती, त्या काचांना आतून कागद चिकटवले होते. टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि टिश्यूपेपरचा डबा. तो डबा मीच ठेवला होता. मॅनेजर तेच तेच बोलत होते: कंपनीवर वेळ आली आहे, तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात तर अनुभवाचं पत्र स्वच्छ मिळेल, पुढे अडचण येणार नाही. मी कागद सरकवायची आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवायची. एक मुलगा हसतच आला होता, त्याला वाटलं बढतीचं आहे. एक जण सही करून म्हणाला, "माझा मग वर राहिलाय, तो आणू का?" मॅनेजर म्हणाले, सुरक्षारक्षक बरोबर येईल.

ती साडेअकराला आली. आत पाऊल टाकलं, मॅनेजरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे पाहून तिला कशासाठी बोलावलंय ते कळलं. मॅनेजरांचं बोलणं होईपर्यंत ती उभीच होती. बसा म्हटलं तरी बसली नाही. शेवटी तिने एकच विचारलं, "सर, माझं काम चुकलं का?" ते म्हणाले, "नाही नाही, कामाचा प्रश्नच नाही." "मग कागदावर तसं लिहून द्या ना." ते म्हणाले, "तसं काही लिहिण्याची पद्धत नाही."

तिने सही केली. गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं. मी तिला दारापर्यंत सोडायला उठले. ते नियमात नव्हतं, पण मॅनेजर काही बोलले नाहीत. बाहेर ती हळूच म्हणाली, "तुला तर आज सकाळीच सांगितलं असेल ना यांनी? किती त्रास झाला असेल तुला."

मी म्हटलं, "हो. सकाळीच."

ते खोटं तिनेच माझ्या हातात दिलं आणि मी ते घेतलं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, रविवारी सकाळी, आमच्या दाराची बेल वाजली. दारात तिचे बाबा. तोच पांढरा शर्ट, हातात फाइल. त्यांनी जवळच्या रसवंतीगृहातून आईला फोन करून येऊ का विचारलं होतं, आईने मला सांगितलं नव्हतं. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. आईने पोहे केले, ते त्यांनी सावकाश, एकही दाणा न सांडता खाल्ले आणि बशी स्वतः मोरीत ठेवायला निघाले. आईने ती हातातून घेतली.

त्यांचं काम असं होतं. तंत्रनिकेतनात ते स्वतः जाऊन आले होते. तिथल्या बाबूंनी सांगितलं होतं की मुलीने लेखी नकार दिला आहे, पण अर्ज करून बघा; वरच्यांनी ऐकलं तर ऐकलं. अर्जाला जोडायला एक कागद हवा होता. मुलीची नोकरी मंदीमुळे गेली, तिच्या कामाची तक्रार नव्हती, आणि हे सगळं नेमणुकीची मुदत संपल्यावर दोनच दिवसांत झालं, असं कंपनीचं पत्र. "आपण मनावर घेतलं तर होईल, मॅडम. मुलगी म्हणाली, तुम्हाला त्रास देऊ नका. मी तिला न सांगता आलो."

मी म्हटलं, "मी विचारते."

आई चहा ठेवायला आत गेली. ते फाइलची दोरी बांधत होते. वर न बघता म्हणाले, "एक विचारू? आपल्या हातात ती यादी केव्हा आली?"

मला वाटतं, तेव्हाही मला खोटं बोलता आलं असतं. त्यांनी काही धमकावलं नव्हतं, आवाजही चढवला नव्हता. पण त्यांनी बांधलेली गाठ सुटली आणि ते ती पुन्हा बांधायला लागले, आणि माझ्या तोंडून निघालं, "गुरुवारी."

"म्हणजे सोमवारच्या आधी."

"हो, काका."

त्यांनी दोरीची गाठ पक्की केली. आत आई आलं किसत होती, त्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "शुक्रवारी तिने मला फोन केला होता. म्हणाली, बाबा, तिला विचारलं, तिला काही माहीत नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही. मी म्हटलं, ठीक आहे बेटा. मीच हो म्हटलं शेवटी."

मी रडायला लागले. म्हटलं, "मी तिला सांगते. आजच जाऊन सगळं सांगते. तिची माफी मागते."

"नाही," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज शिक्षकाचा झाला. "तिला सांगायचं नाही. इथली नोकरी गेली. सरकारी गेली. नवरा घरी बसून आहे. आता मैत्रीणही घ्यायची का तिच्याकडून? किती काढून घ्यायचं एका माणसाकडून?" मग म्हणाले, "सांगितलं म्हणजे तुम्हाला हलकं वाटेल, बेटा. तिला नाही वाटणार."

मला त्यांनी तोवर कधी बेटा म्हटलं नव्हतं. चहा आला, तो त्यांनी प्यायला. आईला म्हणाले, "ताई, चहा छान झाला," आणि गेले.

सोमवारी मी मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, "राजीनामा त्यांनी स्वतः दिलाय. कागदावर तसंच आहे. आपण आपलेच कागद खोटे पाडायचे का?" मी जागेवर आले. तास दीड तास नुसती बसले. मग कंपनीच्या नावाच्या कागदावर एक पत्र टाइप केलं. यांचं काम उत्तम होतं, आर्थिक मंदीमुळे कंपनीने यांना अमुक तारखेला कामावरून कमी केलं, तोपर्यंत यांना कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. शेवटचं वाक्य लिहिताना बोटं थांबली होती. खाली माझी सही केली, शिक्का मारला, आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन स्वतः तिच्या बाबांना कुरिअर केलं. मला धाडस आलं होतं असं नाही. त्या दिवशी घाबरायचंच राहून गेलं होतं.

पत्राचा उपयोग झाला नाही. प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावून झालं होतं आणि तो हजरही झाला होता. बाबांनी मुंबईलाही खेप घातली. तिथे एका अधिकाऱ्याने पत्र पूर्ण वाचलं आणि म्हणाला, "वाईट झालं, गुरुजी. पण जागा भरली."

मार्च संपता संपता आणखी एक यादी निघाली. ती करायचं काम माझ्याकडे आलं नाही, तेव्हाच मी ओळखलं. मॅनेजर मला म्हणाले, "आता नवी भरतीच नाही, तर भरती करणारी माणसं ठेवून काय करणार?" त्यांना त्या पत्राचं कळलं होतं का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सही कुठे करायची हे मला दाखवावं लागलं नाही. घरी आले तेव्हा आई गहू निवडत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, सूप माझ्याकडे वळवलं आणि म्हणाली, "बस. हात धू आणि चार दाणे निवड." आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत गहू निवडत बसलो.

शिक्षा मिळाली, फिटलं, असं काही मला वाटलं नाही. बाकीच्या सगळ्यांची गेली तशी माझी गेली. सहा महिने घरी होते, मग कोथरूडच्याच एका शाळेच्या कार्यालयात लागले. अजून तिथेच आहे.

ती मे महिन्यात गेली. मुलीची परीक्षा झाली, मालकाला घर परत दिलं आणि गावाकडून एक टेम्पो आला. मी आणि आई मदतीला गेलो होतो. नवऱ्याने फ्रिज दोरीने बांधला, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. त्याला निघायचंच नव्हतं. खालच्या मजल्यावरचं बिऱ्हाडही रिकामं होतं, त्याच्या आदल्या महिन्यात तिथली तीन मुलं सोडून गेली होती. टेम्पोत पुढे बाबा बसले होते. त्यांनी मला पाहून हात जोडले, पहिल्या दिवशी जोडले होते तसेच, जरासुद्धा कमी-जास्त नाही.

ती मला बाजूला घेऊन गेली. म्हणाली, "बाबांनी सांगितलं मला, पत्राचं. साहेबाची नाही, तू स्वतःची सही केलीस त्यावर. माझ्यामुळे तुझी नोकरी गेली, आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"तुझ्यामुळे नाही गेली गं."

"राहू दे. मला कळतं." तिने मला मिठी मारली. "पुण्यात सगळ्यांनी हात वर केले. तू एकटीच होतीस."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मी तिच्यासाठी गप्प बसले होते की स्वतःसाठी, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता तरी येतं का, कोण जाणे.

पुढे मंदी उठली. हडपसरला नवे टॉवर झाले, रस्त्यावर पुन्हा सकाळी गाड्यांची रांग लागायला लागली, आमच्या सोसायटीतल्या त्या मुलाला बंगळूरला नोकरी लागली आणि लग्नही झालं. लोक विसरले. विसरावंच लागतं. पण काही माणसं त्यात खाली उतरली ती उतरलीच. ती गावाजवळच्या एका खासगी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तास घेतले तेवढ्याचे पैसे, तेही कॉलेजच्या सवडीने. सुट्टीत काहीच नाही. दरवर्षी कायम करू म्हणायचे. दरवर्षी ती मला फोनवर सांगायची, "या वर्षी होईल वाटतं." तिचा नवरा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात लागला. त्याने पुण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. ज्या तंत्रनिकेतनात ती जाणार होती, त्याच्यावरून तिची एसटी रोज जायची.

बाबा गेल्याचा तिचा फोन आला तेव्हा या सगळ्याला सात-आठ वर्षं झाली होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले. तिच्या गावी मी पहिल्यांदाच जात होते. अंगणात मांडव, पांढऱ्या कपड्यातली माणसं, पुढे बाबांचा फोटो. भन्तेजींची वंदना झाली. मग एकेक विद्यार्थी उठून बाबांबद्दल बोलला, त्यांतले काही तर साठीला आलेले. ती माझा हात धरून मला नातेवाइकांमधून फिरवत होती. "ही माझी पुण्याची मैत्रीण. हिने माझ्यासाठी नोकरी पणाला लावली." म्हाताऱ्या बायका माझ्या तोंडावरून हात फिरवत होत्या. तिच्या एका चुलत्यांनी तर मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. मी त्या खुर्चीवर बसले.

दुपारी मांडवामागे, हात धुवायच्या जागी, आम्ही दोघीच होतो. तिचे केस बरेच पांढरे झाले होते. मला पाणी घालता घालता ती म्हणाली, "एक विचारायचं होतं कितीतरी दिवस. बाबा तेव्हा तुझ्या घरी येऊन गेले ना, पत्रासाठी? आमच्याकडे परत आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, प्रवासाने थकलो. तुला काही बोलले होते का ते?"

तांब्या तिच्या हातात होता. पाणी माझ्या हातावरून खाली चिखलात पडत होतं.

मी म्हटलं, "नाही. पत्राचंच बोललो आम्ही."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिने तांब्या खाली ठेवला, पदराचं टोक माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "हात पूस आणि जेवून घे. चारची गाडी आहे ना तुझी."